स्वतःला घडवण्याचा जर्मन आदर्श: विल्हेल्म माइस्टरचे पत्र आणि हुम्बोल्टचा सुतार

शब्दवेधी

शाकुंतल वाचून ते डोक्यावर घेऊन नाचलेला जर्मन कवी, एवढ्या ओळखीवर आपल्याकडे गटेची बोळवण होते. नाचण्याचा भाग दंतकथेतला आहे. गेओर्ग फोर्स्टरने केलेला जर्मन अनुवाद १७९१ साली हाती पडल्यावर त्याने शाकुंतलाच्या स्तुतीपर चार ओळी लिहिल्या, हे मात्र खरे. त्याच दशकात तो आपली एक अर्धवट राहिलेली कादंबरी नव्याने लिहून काढत होता आणि १७९५-९६ मध्ये ती चार खंडांत बर्लिनला प्रसिद्ध झाली. ‘विल्हेल्म माइस्टरची उमेदवारीची वर्षे’ असे तिचे नाव मराठीत सांगता येईल. माणसाने आपल्या अंगच्या सर्व शक्ती जाणीवपूर्वक वाढवून स्वतःला एक सुसंगत व्यक्ती म्हणून घडवावे, या जर्मन विचारातल्या आदर्शाला ‘बिल्डुंग’ म्हणतात आणि त्याची चर्चा बहुधा या कादंबरीपासून सुरू होते. माझ्या मते ती कादंबरीतल्या एका पत्रापासून सुरू व्हायला हवी, कारण हा आदर्श मुळात कोणत्या दुःखातून जन्मला ते त्या पत्रात स्वच्छ दिसते.

पत्र पाचव्या भागात आहे. विल्हेल्म हा सुखवस्तू व्यापाऱ्याचा मुलगा. वडील वारल्यावर त्याचा मित्र आणि होणारा मेहुणा वेर्नर त्याला कळवतो की राहते घर विकून टाकू, पैसा धंद्यात आणि जमिनीत गुंतवू. विल्हेल्म त्याला उत्तर लिहितो. मीच आतून मळीने भरलेला असेन तर उत्तम लोखंड तयार करून मला काय मिळणार, असे तो विचारतो. माझाच माझ्याशी मेळ नसेल तर जमीनजुमला नीट लावून काय उपयोग? त्यानंतर ते प्रसिद्ध वाक्य येते: मी जसा आहे तसा, संपूर्णपणे, स्वतःला घडवावे ही लहानपणापासून माझी अस्पष्ट इच्छा आणि हेतू राहिलेला आहे.

हे वाक्य सर्वत्र उद्धृत होते, त्याच्या पुढचा मजकूर सहसा गाळला जातो. जर्मनीत असे सर्वांगीण घडणे फक्त सरदारकुळात जन्मलेल्यालाच शक्य आहे, असे विल्हेल्म लिहितो. सामान्य नागरिक कर्तृत्व दाखवू शकतो, फार तर बुद्धी जोपासू शकतो, पण काहीही केले तरी त्याचे व्यक्तिमत्त्व हरवते. नागरिकाने स्वतःला ‘तू कोण आहेस’ असे विचारायचे नसते. ‘तुझ्यापाशी काय आहे’ एवढेच विचारायचे असते, म्हणजे किती समज, किती ज्ञान, किती कौशल्य, किती मालमत्ता. या भेदाचा दोष तो सरदारांच्या उद्दामपणाला देत नाही आणि नागरिकांच्या नमतेपणालाही देत नाही, तर समाजाच्या रचनेलाच देतो. फ्रान्समधल्या राज्यक्रांतीला सहा वर्षे होत आलेली असताना हे छापले गेले आहे. आणि लगेच पुढे तो म्हणतो की ही रचना बदलेल का आणि काय बदलेल, याची मला फारशी फिकीर नाही. आज आहे त्या परिस्थितीत मला माझा विचार करायचा आहे.

तो जो मार्ग शोधतो तो रंगभूमीचा. रंगमंचावर सामान्य घरातला माणूसही राजपुत्राच्या रुबाबात उभा राहू शकतो, म्हणून विल्हेल्म एका नाटकमंडळीत सामील होतो आणि हॅम्लेटची भूमिका करतो. पुढे त्याला कळते की तो नट नाहीच. स्वतःशी जुळणारी भूमिका तेवढी त्याला साधली होती. त्याहून मोठा धक्का नंतर बसतो. ‘मनोऱ्याची मंडळी’ म्हणून ओळखली जाणारी एक गुप्त मंडळी आपल्या वाटचालीवर आधीपासून लक्ष ठेवून होती आणि आपल्या चुका तिला दिसत होत्या, हे त्याला समजते. या मंडळीतल्या धर्मगुरूचे शिक्षणाविषयीचे मत कादंबरीच्या गाभ्याशी आहे. शिक्षकाचे काम माणसाला चुकीपासून वाचवण्याचे नसून चुकणाऱ्याला वाट दाखवण्याचे आहे, एवढेच नव्हे तर त्याला आपली चूक भरल्या पेल्याने पिऊ देणे यातच शिक्षकाचे शहाणपण आहे, असे तो मानतो. शिक्षणाचा इतका धीट विचार त्या काळच्या कादंबरीत यावा याचे मला आजही नवल वाटते.

आठव्या भागात वेर्नर आणि विल्हेल्म पुन्हा भेटतात. विल्हेल्म अधिक उंच, भरदार आणि वागण्यात सफाईदार झालेला वेर्नरला दिसतो. वेर्नर स्वतः मात्र वाळला आहे, त्याचे नाक लांब झाल्यासारखे दिसते आहे, कपाळावरचे आणि टाळूवरचे केस गेले आहेत, आवाज चिरका झाला आहे. मित्राचे रूप पाहून त्या रूपाच्या जोरावर आता एखादी श्रीमंत वारसदारीण मिळव, असे तो म्हणतो. हा प्रसंग गटेने निव्वळ गंमत म्हणून घातलेला नाही. पैशाच्या हिशेबात आयुष्य काढलेल्या माणसाचे शरीरसुद्धा आखडते, असे त्याला म्हणायचे आहे, आणि येथे तो वेर्नरवर थोडा अन्यायही करतो असे मला वाटते, कारण विल्हेल्मची भटकंती ज्या पैशावर चालते तो पैसा वेर्नरसारख्यांनीच सांभाळलेला असतो.

विल्हेल्मने ज्या प्रश्नाला स्वतःपुरते उत्तर शोधले, तोच प्रश्न प्रशिया या जर्मन राज्यातला विचारवंत आणि मुत्सद्दी विल्हेल्म फोन हुम्बोल्ट याने पुढे सार्वजनिक केला. राज्यसत्तेच्या मर्यादांवर त्याने १७९२ मध्ये लिहिलेला ग्रंथ संपूर्ण स्वरूपात १८५१ मध्येच छापला गेला. माणसाचे खरे उद्दिष्ट म्हणजे त्याच्या शक्तींचा सर्वोच्च आणि प्रमाणबद्ध विकास होऊन त्यांचे एक पूर्ण रूप तयार होणे. त्यासाठी पहिली अट स्वातंत्र्याची आणि दुसरी परिस्थितींच्या विविधतेची, असे त्यात म्हटले आहे. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ च्या आपल्या स्वातंत्र्यावरील पुस्तकाच्या आरंभी याच ग्रंथातले वाक्य घेतले. मधल्या काळात, १८०६ मध्ये, येना येथे नेपोलियनने प्रशियाचा पराभव केला, त्यानंतरच्या तहात प्रशियाचा जवळजवळ निम्मा मुलूख गेला आणि हाल्लेचे विद्यापीठही हातचे गेले. अशा खचलेल्या राज्यात १८०९ च्या आरंभी शिक्षणखात्याची सूत्रे हुम्बोल्टकडे आली. तो त्या पदावर जेमतेम सोळा महिने होता. त्या काळात बर्लिनच्या विद्यापीठाची पायाभरणी झाली आणि १८१० मध्ये तेथे शिकवणे सुरू झाले.

मला विद्यापीठापेक्षा त्याचा शाळांविषयीचा आराखडा अधिक मोलाचा वाटतो. सर्वांना आधी एकच सर्वसाधारण मानवी शिक्षण मिळावे, धंद्याचे शिक्षण त्यानंतर वेगळे द्यावे, असे त्याने सुचवले. त्यात तो लिहितो की विद्वानाला टेबले बनवता येणे जसे वाया जाणार नाही, तसेच सुताराने ग्रीक शिकलेले असणेही वाया जाणार नाही. विल्हेल्म माइस्टरने पत्रात जी तक्रार केली होती तिला हे उत्तर आहे. ‘तू कोण आहेस’ हा प्रश्न आता सुतारालाही विचारायचा आहे आणि त्यासाठी त्याने नाटकमंडळीत पळून जायची गरज नाही.

प्रत्यक्षात तसे झाले नाही. सर्व शाळांना एका सूत्रात आणणारा कायद्याचा मसुदा १८१९ मध्ये तयार झाला आणि बारगळला. ग्रीक-लॅटिन शिकवणारे गिम्नाझियम हे मूठभरांचे राहिले आणि १९०० पर्यंत प्रशियात विद्यापीठाची पूर्ण दारे त्याच्याच विद्यार्थ्यांना उघडी होती. माध्यमिक शाळेच्या ठरावीक इयत्तेपर्यंत शिकलेल्या तरुणाला सैन्यात स्वखर्चाने एकच वर्ष सेवा करण्याची सवलत होती, बाकीच्यांना अधिक वर्षे काढावी लागत. घडलेपणाचा कागद जवळ असणे हा एक नवा सरदारकीचा हक्क झाला. तत्त्वज्ञ नीत्शेने १८७३ मध्ये अशा सुशिक्षितांना ‘संस्कारी कूपमंडूक’ म्हणता येईल असा एक शब्द वापरला, तो यांच्याच संदर्भात.

माझे म्हणणे असे की हा आदर्श त्याच्या नंतरच्या मिजासखोर वारसदारांवरून जोखू नये. जन्मामुळे माणसाचे स्वतः होणे अडू नये, हा त्याचा गाभा आहे. आपणा सर्वांची मते वाचायला आवडतील.

अनुबंध

धागा फार आवडला, वाचनखूण साठवली आहे. गटेचा मित्र, कवी-नाटककार शिलर याचा उल्लेख राहून गेला आहे, म्हणून थोडी भर घालतो.

गटेची कादंबरी आणि शिलरची ‘मानवाच्या सौंदर्यशिक्षणाविषयीची पत्रे’ ही दोन्ही १७९५ चीच. मूळ पत्रे शिलरने १७९३ मध्ये आउगुस्टेनबुर्गच्या राजपुत्राला लिहिली होती, पुढे ती नव्याने लिहून आपल्या नियतकालिकात छापली, एकूण सत्तावीस. सहाव्या पत्रातले निदान आजही अंगावर येते. संपूर्ण कामाच्या एका लहानशा तुकड्याला कायमचा जखडलेला माणूस स्वतःही तुकडाच बनतो, तो जे चाक फिरवतो त्याचा एकसुरी आवाज तेवढा सतत त्याच्या कानात असतो आणि आपल्या स्वभावावर मानवतेचा ठसा उमटवण्याऐवजी तो आपल्या धंद्याचा नुसता छाप होऊन राहतो. श्रमविभागणीची ही टीका मार्क्सच्या जन्माआधी वीस वर्षांहून अधिक काळ लिहिली गेली आहे.

शब्दवेधी, आपण ज्या ‘फारशी फिकीर नाही’ या वाक्यावर बोट ठेवले आहे, त्याचे समर्थन शिलरने केले असते असे मला वाटते. पॅरिसमध्ये जे रक्त सांडले ते पाहून त्याचे मत झाले होते की राज्यव्यवस्था बदलण्याआधी माणूस आतून स्वतंत्र व्हायला हवा, आणि ते काम सौंदर्याच्या अनुभवातून होते. पंधराव्या पत्रातले ‘माणूस जेव्हा खेळतो तेव्हाच तो पूर्णपणे माणूस असतो’ हे वाक्य त्या अर्थाने वाचायला हवे.

मैत्रेयी_द

कादंबरीत स्वतःला घडवण्याचा हक्क कोणाला मिळतो आणि कोणाला मिळत नाही, हे पाहिल्याशिवाय ‘गाभा’ ठरवता येणार नाही, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

मिन्यॉनचे उदाहरण घ्या. इटलीतून पळवून आणलेली ही मुलगी डोंबाऱ्यांसारख्या कसरत करणाऱ्या टोळीत मार खात असते, तेथून विल्हेल्म तिला पैसे देऊन सोडवतो. ती अक्षरे शिकायचा मनापासून प्रयत्न करते, पण हात वळत नाही. बोलणे मोडकेतोडके, आणि गाणे मात्र असे की लिंबाच्या बागांच्या देशाविषयीची तिची कविता जर्मन भाषेतल्या सर्वांत जास्त गायल्या गेलेल्या कवितांपैकी एक झाली. ती विल्हेल्मवर जीव लावते आणि त्याच्याशी लग्न ठरलेली तेरेझा त्याला मिठी मारताना पाहून तिचे हृदय बंद पडते. पुढे काय होते? तिचे शरीर औषधी द्रव्यांनी टिकवून एका सुंदर दालनात ठेवले जाते आणि गायकवृंद तिच्यावर गीत गातो. नायकाच्या घडण्याच्या वाटेवर जी व्यक्ती कोणत्याही साच्यात बसत नव्हती तिचे त्या मंडळींनी एक सुबक स्मारक केले. हे दृश्य वाचताना मनोऱ्याच्या मंडळीविषयी माझ्या मनात आदर उरत नाही आणि गटेलाही तो उरावा असे वाटत होते का, याविषयी मला शंका आहे, कारण त्याने त्या गाण्यांना दिलेले सामर्थ्य मंडळीच्या सगळ्या उपदेशापेक्षा मोठे आहे.

सहावा भाग तर पूर्णपणे एका स्त्रीचे आत्मकथन आहे. गटेच्या आईची मैत्रीण सुझाने फोन क्लेटेनबेर्ग हिच्या आयुष्यावर तो आधारलेला आहे. ही स्त्री ठरलेले लग्न मोडते, स्वतःच्या विवेकाने जगते, म्हणजे कोणत्याही व्याख्येने ती स्वतःला घडवतेच. पण पुढे तिच्या भाचे-भाच्यांवर तिचा प्रभाव पडू नये म्हणून त्यांना तिच्यापासून दूर ठेवले जाते.

कादंबरीबाहेर पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. १८०० च्या सुमाराला बर्लिनमध्ये राहेल लेव्हिन या यहुदी स्त्रीच्या माडीवर सरदार, नट, विद्वान एकत्र बसत आणि गटेवर चर्चा होत. स्वतः हुम्बोल्ट तरुणपणी बर्लिनच्या अशाच यहुदी घरांतल्या बैठकींतून वाढला. पण त्याने उभारलेल्या विद्यापीठात नियमित विद्यार्थिनी म्हणून नाव घालायला प्रशियातल्या स्त्रियांना १९०८ साल उजाडावे लागले. सुताराला ग्रीक शिकवण्याचा विचार ज्याला सुचला, त्याला हे का सुचले नाही?

कपाट क्र. ७

थोडी साहित्येतिहासाची माहिती. या प्रकारच्या कादंबरीला ‘बिल्डुंग्सरोमान’ हे नाव कार्ल मॉर्गेनस्टेर्न या प्राध्यापकाने डॉर्पाट येथे, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तूमध्ये, १८१९-२० च्या व्याख्यानांत दिले. ते रूढ मात्र झाले तत्त्वज्ञ डिल्टायमुळे, बऱ्याच दशकांनी. त्यामुळे ‘जर्मनांची खास कादंबरी’ ही समजूत बरीचशी १८७१ नंतरच्या एकीकृत जर्मनीची आहे.

समकालीनांत एकमत अजिबात नव्हते. समीक्षक फ्रीडरिश श्लेगेलने १७९८ मध्ये फ्रेंच राज्यक्रांती, फिश्टेचे तत्त्वज्ञान आणि ‘माइस्टर’ या तीन गोष्टींना युगाच्या सर्वांत मोठ्या प्रवृत्ती म्हटले. कवी नोव्हालिस आधी भारावला होता, नंतर चिडला. ही सरदारकीच्या सनदेची तीर्थयात्रा आहे, असे त्याने लिहिले, आणि विल्हेल्मचे लग्न शेवटी सरदारकन्या नातालीशी ठरते हे ध्यानात घेतले तर त्याचा राग समजतो. हेगेलने सौंदर्यशास्त्रावरच्या व्याख्यानांत या प्रकारच्या नायकांविषयी म्हटले की जगाशी कितीही भांडला तरी शेवटी त्याला मुलगी आणि काहीतरी नोकरी मिळते, तो लग्न करतो आणि इतरांसारखाच होतो.

विसंवादी

सर्वांचे लेखन मनापासून वाचले. तरी जे बोलले गेले नाही ते स्पष्टपणे मांडतो.

गटे आणि शिलर ज्या वायमारमध्ये राहिले, त्या गावाबाहेरच्या एटर्सबेर्ग टेकडीवर १९३७ मध्ये बुखेनवाल्डची छळछावणी उभी राहिली. गटे त्या टेकडीवर फिरायला जात असे. छावणीसाठी जंगल तोडताना एक जुना ओक राखला गेला आणि कैदी त्याला गटेचा ओक म्हणत. त्याआधी १० मे १९३३ रोजी बर्लिनमध्ये पुस्तकांची होळी झाली ती हुम्बोल्टच्या विद्यापीठासमोरच्या चौकात, आणि ती पेटवणाऱ्यांत विद्यापीठाचे विद्यार्थी होते. ज्या समाजाने दीडशे वर्षे स्वतःला घडवण्याचा मंत्र जपला, त्याच्या सुशिक्षित वर्गाने हे होऊ दिले. तेव्हा ‘वारसदारांवरून जोखू नये’ हे विधान मला पुरेसे वाटत नाही. आदर्शातच काही उणे होते का, हा प्रश्न विचारावा लागतो.

त्याचे उत्तर कादंबरीकार थॉमस मानच्या आयुष्यात मिळते असे मला वाटते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, त्याने एक जाडजूड पुस्तक लिहिले आणि त्यात जर्मन संस्कृती ही राजकारणाच्या पलीकडची, अंतर्मुख गोष्ट आहे असा दावा केला. लोकशाही ही पश्चिमेकडून आलेली उथळ वस्तू आहे, असा त्याचा सूर होता. चार वर्षांनी, परराष्ट्रमंत्री राथेनाउची हत्या झाल्यावर, तोच मान बर्लिनमध्ये उभा राहून तरुणांना प्रजासत्ताकाच्या बाजूने या असे सांगत होता. १९२४ च्या ‘जादूचा डोंगर’ या कादंबरीत त्याने हान्स कास्टोर्पला दावोसच्या क्षयरुग्णालयात सात वर्षे ठेवले, त्याला मानवतावादी गुरू दिला, त्या गुरूचा कट्टर विरोधकही दिला, विज्ञान, संगीत, प्रेम, मृत्यू सगळे शिकवले, आणि शेवटच्या पानांवर त्याला महायुद्धाच्या चिखलात तोफांच्या माऱ्याखाली नेऊन सोडले. तो वाचतो की नाही, हेही लेखक सांगत नाही. राजकारणाची फिकीर नसलेल्या घडण्याचे काय होते ते मानला स्वतःच्या अनुभवातून कळले होते.

शब्दवेधी

मैत्रेयी आणि विसंवादी, दोघांच्याही प्रतिसादांनी धाग्याला खोली आली, मनापासून आभार.

विसंवादी, उणे कोठे आहे ते विल्हेल्मच्या पत्रातच सापडते, याविषयी आपले एकमत आहे. समाजाची रचना दोषी आहे हे ओळखायचे आणि पुढच्याच वाक्यात तिच्याकडे पाठ फिरवायची, ही ती जागा. पण ती पाठ सर्वांनीच फिरवली असे मात्र म्हणता येणार नाही. जर्मन कामगारांच्या शिक्षणसंस्था पाहा. आउगुस्ट बेबेल हा लाकूड कातणारा कारागीर लाइपझिगच्या कामगार शिक्षण मंडळातून वर आला आणि पुढे समाजवादी लोकशाही पक्षाचा सर्वांत मोठा नेता झाला. त्याचा सहकारी विल्हेल्म लीब्क्नेख्ट याने १८७२ च्या भाषणात बेकनचे ‘ज्ञान ही सत्ता आहे’ हे वचन घेऊन त्याला उलट बाजूने पुरे केले: सत्ता हेच ज्ञान आहे, सत्ता हाती आल्याशिवाय कामगाराला खरे शिक्षण मिळणार नाही. हा माणूस बिल्डुंग नाकारत नव्हता, तो तिच्यासाठी राज्यव्यवस्थाच बदलायला निघाला होता. त्याचप्रमाणे जर्मन यहुद्यांनी हा आदर्श जितक्या निष्ठेने धरला तितका क्वचितच कोणी धरला असेल, कारण जन्माने नाकारलेले नागरिकत्व घडण्यातून मिळेल असे वचन त्यांना त्यात दिसले होते. मोझेस मेंडेल्सझोनने १७८४ मध्येच या विषयावर बर्लिनच्या मासिकात लिहिले होते. ते वचन मोडले गेले, आणि मोडणारे कोण होते ते आपण लिहिलेच आहे. म्हणून मी म्हणतो की आदर्श मोडणारे आणि आदर्शापायी सर्वस्व गमावणारे यांना एका तागडीत घालता येत नाही.

मैत्रेयी, मिन्यॉनविषयी आपण जे लिहिले त्यानंतर मला ते दालनातले दृश्य पूर्वीसारखे वाचता येणार नाही. हुम्बोल्टविषयीच्या आपल्या प्रश्नाला माझ्याकडे समर्थन नाही. ‘माणूस’ म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढे पुरुष होता.

जोशी मास्तर

मी आयटीआयमध्ये शिकवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे सुताराच्या वाक्यावर थांबलो. सुताराला ग्रीक यावे हे छानच आहे. पण सुतारकामातूनच माणूस घडतो की नाही, हा प्रश्न हुम्बोल्टने विचारलेला दिसत नाही. आधी माणूस, मग धंदा, असा त्याचा क्रम आहे.

गटे मात्र म्हातारपणी नेमका याच प्रश्नाकडे वळला. कादंबरीचा दुसरा भाग, ‘विल्हेल्म माइस्टरची भटकंतीची वर्षे’, १८२१ मध्ये आणि वाढवून १८२९ मध्ये निघाला. ‘त्याग करणारे’ असे त्याचे उपशीर्षक आहे. यार्नो हा मनोऱ्याच्या मंडळीतला फटकळ गृहस्थ तेथे खाणकामातला जाणकार झालेला आहे. आता एकांगीपणाचे दिवस आहेत, एक हस्तकला धर आणि तीत पुरा मुरून जा, असे तो विल्हेल्मला सांगतो. जो सरदारासारखा सर्वांगीण व्हायला निघाला होता तो विल्हेल्म शेवटी जखमांवर उपचार करणारा शल्यवैद्य होतो. तेव्हा ते काम विद्यापीठातल्या वैद्यांपेक्षा हलके, हाताचे मानले जात असे. शेवटी त्याचा मुलगा फेलिक्स घोड्यासकट नदीत कोसळतो आणि विल्हेल्म त्याची शीर उघडून त्याला वाचवतो. बापाचे सगळे शिक्षण त्या क्षणी त्याच्या बोटांत असते. मला हा शेवट पहिल्या कादंबरीच्या लग्नांपेक्षा कितीतरी खरा वाटतो.

समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरनेही प्रॉटेस्टंट नीतीवरच्या ग्रंथाच्या शेवटी याच कादंबरीची आठवण काढली आहे. विशेष काम पत्करायचे तर सर्वांगीण माणूसपणावर पाणी सोडावे लागते, हे गटेने आपल्याला शिकवले, असे तो म्हणतो. मी त्याच्याशी पूर्ण सहमत नाही. म्युनिकचे शाळाप्रमुख गेओर्ग केर्शेनश्टाइनर यांनी १९०० पासून तेथल्या कामगार मुलांच्या पूरक शाळा धंद्याप्रमाणे नव्याने उभारल्या. लाकूड, धातू, छपाई, ज्याचा जो धंदा त्याच्याभोवती गणित, भाषा, नागरिकशास्त्र गुंफले. धंद्याचे शिक्षण हे मानवी शिक्षणाच्या दारात उभे आहे, असे ते म्हणत. रंधा नीट धरायला शिकलेल्या मुलाच्या स्वभावात जी स्थिरता येते ती मी पाहिली आहे, आणि ती व्याकरणाच्या पाठांतराने आलेली पाहिली नाही.

अनुबंध

मास्तर, केर्शेनश्टाइनर यांची आठवण काढलीत हे फार चांगले केलेत. हुम्बोल्टच्या बाजूने एवढेच म्हणतो की धंद्याचे शिक्षण लहान वयात आले तर गरिबाचे मूल कायमचे त्याच खाचेत अडकेल, ही त्याची भीती खोटी नव्हती. मुलांना दहाव्या वर्षाच्या आसपास वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटून देण्याची पद्धत जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत आजही आहे आणि आईवडिलांच्या शिक्षणाचा मुलांच्या वाटेवर पडणारा प्रभाव हा २००१ नंतर तेथे मोठ्या वादाचा विषय झाला.

पोथीशाळा

या विषयाचा एक धागा थेट पुण्यापर्यंत येतो.

हुम्बोल्ट राजकारणातून बाहेर पडल्यावर, पन्नाशी ओलांडल्यानंतर, संस्कृत शिकला. आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेलने १८२३ मध्ये बॉनला भगवद्गीतेची संहिता लॅटिन अनुवादासह छापली होती. ती वाचून हुम्बोल्ट इतका हेलावला की हे काव्य कळेपर्यंत आपल्याला आयुष्य मिळाले याबद्दल त्याने एका मित्राला लिहिलेल्या पत्रात दैवाचे आभार मानले. १८२५ आणि १८२६ मध्ये त्याने बर्लिनच्या अकादमीत गीतेवर दोन व्याख्याने दिली. फळाची आसक्ती सोडून कर्म करणे ही कल्पना त्याला भावली, कारण स्वतःला घडवणे हे बाहेरच्या लाभासाठी नसते हे त्याचे जुने मत होते. हेगेलने १८२७ मध्ये त्या व्याख्यानांचे प्रदीर्घ परीक्षण केले आणि गीतेत व्यक्तीच्या नैतिक स्वातंत्र्याला जागा नाही असे म्हटले. हेगेलने गीतेवर अन्याय केला, हे माझे ठाम मत आहे; पण हुम्बोल्टनेही तीत आपलाच चेहरा थोडासा पाहिला.

व्याख्यानाच्या शीर्षकातच हुम्बोल्टने गीतेला महाभारतातला एक प्रसंग म्हटले होते. जवळजवळ शंभर वर्षांनी हुम्बोल्टने उभारलेल्या बर्लिनच्या विद्यापीठात हाइनरिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली विष्णु सीताराम सुकथनकर यांनी हस्तलिखितांच्या चिकित्सेची शिस्त आत्मसात केली. केंब्रिजला गणित शिकलेला हा माणूस १९२५ पासून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा प्रमुख संपादक झाला आणि १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते काम करत राहिला. आवृत्ती पूर्ण झाली १९६६ मध्ये. विद्यापीठ हे शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनी ज्ञानासाठी एकत्र येण्याचे ठिकाण आहे, ज्ञान हा कधीच पूर्ण न सुटलेला प्रश्न मानून शोधत राहायचे, असे हुम्बोल्टने १८१० च्या सुमाराच्या टिपणात लिहिले होते. सुकथनकरांनी पाठभेदांच्या तळटीपांत जे केले ते याहून वेगळे नाही.

मैत्रेयी, आपल्या मुद्द्याला जोडून: इरावती कर्वे यांनीही १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनलाच डॉक्टरेटचे काम केले. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. कवट्यांच्या दोन बाजूंतल्या असमानतेचा वंशाशी संबंध असावा, असे त्यांचे गृहीतक होते. इरावतीबाईंनी मोजमापे केली आणि तसा संबंध दिसत नाही असा निष्कर्ष प्रबंधात लिहिला.

मैत्रेयी_द

पोथीशाळा, धन्यवाद. मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध जाणारा आकडा निर्भयपणे लिहिणे म्हणजे स्वतः विचार करणे, आणि ज्या संस्थेत तिच्यासारखीला दोन दशकांपूर्वी प्रवेशच नव्हता तेथे तिने ते केले. मला या धाग्यातले हे सर्वांत बोलके उदाहरण वाटते.

शब्दवेधी, मूळ ग्रंथ वाचायचे असतील तर कोठून सुरुवात करावी? जर्मन येत नाही.

शब्दवेधी

‘उमेदवारीची वर्षे’चा कार्लाइलने १८२४ मध्ये केलेला इंग्रजी अनुवाद सहज मिळतो, भाषा जुनी आहे पण चालते. पहिला भाग बाहुलीनाट्य आणि तरुणपणाच्या प्रेमात रेंगाळतो, तेथे धीर सोडू नये; पाचव्या भागातले पत्र, पूर्ण सहावा भाग आणि आठव्यातली वेर्नरची भेट सावकाश वाचावी. शिलरच्या पत्रांपैकी दुसरे, सहावे आणि पंधरावे आधी घ्यावे. हुम्बोल्टचा १७९२ चा ग्रंथ छोटा आहे आणि इंग्रजीत उपलब्ध आहे. ‘भटकंतीची वर्षे’ मात्र शेवटी वाचावी, कारण त्यात मधेमधे स्वतंत्र कथा, पत्रे आणि वचनांचे संग्रह येतात आणि मास्तरांनी सांगितलेल्या नदीकाठच्या प्रसंगापर्यंत पोचायला वेळ लागतो.